राबणे वेगळे, व्यायाम वेगळा

हृदय आणि रक्तदाब यांच्यासाठी कष्टकरी कुटुंबाने काय करावे?

"दिवसभर पोती उचलतो, विटा वाहतो, रानात खुरपतो. आणखी वेगळा व्यायाम कशाला?" व्यायामाचा विषय काढला की आपल्या वस्तीत हे उत्तर हमखास मिळते. बोलणाऱ्याची चूक नाही. लातूरच्या आडत बाजारात सकाळपासून पोती वाहणाऱ्या हमालाला, नांदेडमध्ये बांधकामावर डोक्यावरून माल चढवणाऱ्या बाईला किंवा कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला "जरा शरीर हलवा" असे सांगणे म्हणजे त्यांच्या घामाची थट्टाच होय.

तरीही प्रश्न उरतोच. एवढे राबणाऱ्या माणसांनाही रक्तदाब का होतो? पन्नाशीच्या आत छातीत कळ येऊन कर्ता माणूस का जातो? आणि ज्यांच्या आईबापाने राबून त्यांना शिकवले, ते आपले शिक्षक, कारकून, बँकेतले आणि जिल्हा परिषदेतले बांधव निवृत्तीचा फंड हातात पडण्याआधीच हृदयविकाराच्या पलंगावर का दिसतात? समाजबांधवांनो आणि मायभगिनींनो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे समजून घेण्यासारखी आहेत.

बसच्या जिन्याने सांगितलेली गोष्ट

आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचा एक डॉक्टर तिथल्या बस कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासण्याच्या तयारीत होता. हा मॉरिस गरीब घरातला. पोलंडमधून आलेल्या ज्यू निर्वासितांचा मुलगा, ग्लासगो शहरातल्या गरिबांच्या वस्तीत वाढलेला. त्या काळी हृदयविकार झपाट्याने वाढत होता आणि त्याचे कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

लंडनच्या बस दुमजली होत्या. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढी. कंडक्टर मात्र तिकिटे फाडत वर-खाली करी आणि दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या चढे. दोघांचे मालक एकच, दोघेही कामगार वर्गातले, राहणीही बरीचशी सारखी. मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. ज्यांना झाला त्यांना तो उशिरा झाला, आणि त्यातून दगावण्याचे प्रमाणही कमी होते. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. टपाल खात्यातही तेच दिसले. चालत, सायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनचे हृदय खुर्चीवरच्या कारकुनापेक्षा सुदृढ होते.

मॉरिस एवढ्यावर थांबला नाही. ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर, अशी शंका त्याने स्वतःच काढली आणि कामगारांना मिळणाऱ्या गणवेशाच्या विजारींची मापे तपासली. ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी होतीच, आणि ती नोकरीच्या सुरुवातीच्या काळापासूनच मोठी होती. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पण पुढे अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी मूळ मुद्दा पक्का केला: शरीर नियमित हलते ठेवले तर हृदयाला बळ मिळते. स्वतः मॉरिस म्हातारपणातही व्यायाम करीत राहिला आणि २००९ साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी वारला.

हृदय आणि दाब म्हणजे काय?

आपले हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूंचा पंप. मिनिटाला ७२ ठोके धरले तर चोवीस तासांत ते एक लाखाहून जास्त वेळा आकुंचन पावते. विहिरीवरची मोटार चालू केली की पाइपाच्या आतून भिंतीवर पाण्याचा दाब पडतो, तसाच रक्ताचा दाब रक्तवाहिन्यांवर पडतो. हृदय आवळते तेव्हाचा दाब वरचा आकडा, सैल होते तेव्हाचा दाब खालचा आकडा. १२०/८० च्या आसपास असेल तर उत्तम. तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

हा आजार बहुधा मुका असतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, काहीच होत नाही. आतमध्ये मात्र रक्तवाहिन्या कडक होत जातात, हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंड खराब होते. मग एक दिवस लकवा मारतो किंवा हृदयाचा झटका येतो आणि घरातले म्हणतात, "कालपर्यंत तर धडधाकट होते!" जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो आहे हेच माहीत नाही.

भारतीय उपखंडातल्या माणसांना तर जास्तच जपले पाहिजे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात आपल्या भागातील लोकांना पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ वर्षे निघाले. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. मधले वय ५३ याचा अर्थ झटका आलेल्यांपैकी निम्मे लोक त्याहूनही लहान होते. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांचे निवृत्तीचे वय ५८ आहे. आता हिशेब करा. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते, सगळे अर्ध्यावर असतानाचे हे वय आहे. आणि याच अभ्यासात असेही आढळले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील चरबी, मनावरचा ताण, भाजी-फळे न खाणे, दारू आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींतच झटक्याच्या धोक्याचा बहुतांश भाग सामावलेला आहे. यांतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात आहेत.

व्यायामाने आत काय घडते?

पायांचे मोठे स्नायू लयीत चालू लागले की त्यांना जास्त रक्त लागते. हृदय जोराने काम करते आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ सुटतो, तो वाहिनीला सैल करतो. हे रोज घडत राहिले की वाहिन्या लवचीक राहतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. समजा मिनिटाला दहा ठोके कमी झाले, तर दिवसाला १४,४०० ठोक्यांचे काम वाचले!

शिवाय शरीराला सतत ताणावर ठेवणाऱ्या मज्जातंतूंचा जोर उतरतो, साखर स्नायूंत खर्च होते, पोटाचा घेर आवरतो आणि झोप चांगली लागते. ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांचा वरचा आकडा नियमित व्यायामाने साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. हा आकडा छोटा वाटेल, पण तो जवळपास रक्तदाबाच्या एका गोळीच्या तोडीचा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एकदा चालून आल्यावर उतरलेला दाब जास्तीत जास्त दिवसभर टिकतो, आणि महिनाभर व्यायाम सोडला तर कमावलेले बरेचसे जाते. म्हणून रविवारी एकदाच दहा किलोमीटर चालण्यापेक्षा रोज अर्धा तास चालणे अधिक फायद्याचे.

मग राबणे पुरत नाही का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराच्या परिसरातील एक लाखाहून अधिक लोकांची सुमारे दहा वर्षे पाहणी करून २०२१ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात उलटसुलट चित्र दिसले. फुरसतीच्या वेळी चालणारे, पळणारे, खेळणारे लोक कमी आजारी पडले. कामावर जड अंगमेहनत करणारे मात्र जास्त आजारी पडले. विडी-सिगारेट, शिक्षण, उत्पन्न यांचा फरक हिशेबात धरल्यावरही हे उरलेच.

याची कारणे विचार केल्यास पटतात. जड पोते उचलताना माणूस श्वास रोखतो, त्या क्षणी दाब एकदम चढतो. दिवसातून शेकडो वेळा असे झाले की हृदयाला सैल होण्याची उसंतच मिळत नाही. व्यायाम अर्ध्या तासात संपतो आणि मग विश्रांती असते. मजुरी आठ-दहा तास चालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्यायामाचा वेग आपण ठरवतो, कामाचा वेग मुकादम ठरवतो किंवा नगावरची मजुरी ठरवते. वाकून खुरपणे, उकिडवे बसून फरशी पुसणे, एका जागी उभे राहून पहारा देणे यात अंग आंबते, पण हृदयाला हवी असलेली सलग लय मिळत नाही. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा, पाण्याची कमतरता, तंबाखूचा आधार, अपुरी झोप आणि उद्या काम मिळेल की नाही याची काळजी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत ज्या मायभगिनी घागरींसाठी तासन्‌तास रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्या कष्टाला कोणी व्यायाम म्हणू नये.

सगळ्या तज्ज्ञांचे यावर एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. भारतासह १७ देशांतील १,३०,००० लोकांचा 'प्युअर' नावाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामावरची हालचाल, घरकाम आणि पायी ये-जा हे सगळे धरूनही जास्त हालचाल करणाऱ्यांत मृत्यू कमी आढळले. तेव्हा कष्ट वाया जातात असे समजू नये. पण कष्ट करतो म्हणून हृदय आपोआप सुरक्षित आहे, या भरवशावर राहू नये, एवढे नक्की.

ज्याचे अंग दिवसभर मोडते त्याने संध्याकाळी दंड-बैठका मारायच्या का? मुळीच नाही. त्याला हवे ते वेगळे आहे. कामावरून आल्यावर पाठ आणि मांड्या हळूहळू ताणणे, दहा-पंधरा मिनिटे हात मोकळे सोडून, डोक्यावर ओझे न घेता चालणे, सात तास झोप, पुरेसे पाणी. सुट्टीच्या दिवशी आणि काम नसलेल्या हंगामात अर्धा तास भरभर चालणे. ओझे उचलताना श्वास रोखू नये, तोंडाने सोडत उचलावे. आणि विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून कामाचाच भाग आहे, हे ठामपणे सांगावे. महाराष्ट्रात माथाडी, हमाल कामगारांसाठी १९६९ सालीच कायदा झाला. एका माणसाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा जास्त असू नये, ही शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये केली. पोत्याचे वजन हा जसा मजुरीचा प्रश्न आहे, तसा तो हृदयाचाही आहे.

खुर्चीवर गेलेली पिढी

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. आपल्या समाजात एका पिढीत केवढा बदल झाला पाहा. आजोबा गावोगाव पायी हिंडले, वडील सायकलवर कामाला गेले, मुलगा मोटारसायकलवर कार्यालयात जातो आणि नातू नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गात सकाळपासून रात्रीपर्यंत बसतो. 'लातूर पॅटर्न'ने अनेक घरांत डॉक्टर-इंजिनिअर घडवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दोन वर्षे बाकावर आणि पलंगावर बसून काढलेल्या मुलाचे शरीर पुढे जबर किंमत मोजते. मुलींचे तर त्याहून अवघड. मुलगा निदान क्रिकेट खेळायला निघतो, मुलीला मैदानच नसते.

१४ एप्रिलला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला ते योग्य अभिवादन आहे. पण बाबासाहेबांच्या शरीराने काय सोसले हेही मुलांना सांगावे. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना यांनी त्यांना शेवटची अनेक वर्षे ग्रासले होते. डॉ. मालवणकर यांच्याकडे त्यांचे उपचार चालत, आणि त्या काळात डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख झाली. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी त्या दोघांचा विवाह झाला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. आपल्यासाठी त्यांनी शरीर झिजवले. त्यांनी मिळवून दिलेले शिक्षण आणि नोकरी आपण उपभोगायची, आणि शरीर मात्र केवळ आळसाने झिजवायचे, हे बरे नव्हे. अठरा तासांच्या अभ्यासात दर तासाला पाच मिनिटे उठून चालण्याचा नियम प्रत्येक संयोजकाने घालून द्यावा.

चंक्रमण: आपल्याच घरातले औषध

चालण्याचा व्यायाम आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. बोधगयेला जाऊन आलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेकडील भिंतीलगत रत्नचंक्रमण पाहिले असेल. संबोधीनंतर तथागत तिथे चालत होते, असे परंपरा सांगते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना एकामागून एक पक्वान्नांची भोजने मिळत गेली आणि त्यांची शरीरे जड होऊन ते वारंवार आजारी पडू लागले. जीवक वैद्य तिथे आले. त्यांनी हे पाहिले आणि भिक्खूंसाठी चंक्रमणाची म्हणजे चालण्याची जागा आणि घाम काढणारे स्नानगृह असावे अशी विनंती भगवंतांना केली. ती मान्य झाली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजचे हृदयरोगतज्ज्ञही देतात.

विहारात वंदनेला जाता तेव्हा गाडी घरी ठेवून पायी जाता येईल. विहाराच्या आवारात बायाबापड्यांना निर्धास्तपणे चालता येईल अशी एक वाट आखता येईल. मोकळे रस्ते अंधारे असतात, मोकाट कुत्री असतात, टवाळ पोरे असतात, म्हणून ज्या भगिनी फिरायला बाहेर पडत नाहीत त्यांच्यासाठी ही वाट मोठाच आधार ठरेल.

किती, कसा आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला असा आहे: मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, जमल्यास ३०० मिनिटांपर्यंत वाढवावा, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येते, पण भीमगीत म्हणता येत नाही, इतका वेग. गाणे सहज म्हणता येत असेल तर पावले थोडी उचला. बोलतानाच दम लागत असेल तर वेग कमी करा.

ज्यांना सवय नाही त्यांनी असे सुरू करावे:

पहिले दोन आठवडे – सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, साध्या चालीने.

तिसरा व चौथा आठवडा – दोन्ही वेळा पंधरा-पंधरा मिनिटे, मधली पाच मिनिटे भरभर.

पाचव्या आठवड्यापासून – आठवड्यातले पाच-सहा दिवस अर्धा तास भरभर चालणे. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश.

त्यानंतर – आठवड्यातून दोन दिवस भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि खुर्चीवरून हात न लावता दहा-बारा वेळा उठणे-बसणे.

घरातल्या घरात करण्यासारखा आणखी एक प्रकार आहे. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, जणू अदृश्य खुर्चीवर बसलो आहोत असे स्थिर राहणे. २०२३ साली २७० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात अशा स्थिर व्यायामांनी रक्तदाब चांगला उतरल्याचे दिसले. दोन मिनिटे बसावे, दोन मिनिटे विसावा घ्यावा, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला अर्धा मिनिटही पुरे. श्वास मात्र चालू ठेवावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हा प्रकार टाळावा.

व्यायाम म्हणजे तालीम असा अनेकांचा समज असतो. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार (महाराष्ट्र केसरी, १९६९) आणि काका पवार यांच्यासारखे मल्ल दिले, त्यांचे कौतुक आहेच. पण हृदयासाठी लाल मातीही लागत नाही आणि महागडी जिमही लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतले लेझीम वर्षातून एकदाच का? तरुण मंडळांनी ते आठवड्यातून तीन दिवस खेळावे, मुलींनाही घ्यावे. समता सैनिक दलाची कवायत हाही उत्तम व्यायामच आहे. नांदेडकरांना गोदावरीचा घाट आहे, लातूरकरांना क्रीडा संकुल आहे, खेड्यात शाळेचे मैदान आहे. काहीच नसेल तर आपली गल्ली आहे.

आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत ऊन तापते. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच चालावे, आधी आणि नंतर पाणी प्यावे. पायात घट्ट बसणारे बूट किंवा पट्ट्याची चप्पल असावी. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी मुळीच चालू नये, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

व्यायामाच्या जोडीला

व्यायाम केला म्हणून बाकी काही चालेल असे नाही. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून कमी मीठ पुरते. त्यात ठेचा, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही धरायचे. ताटात वरून मीठ घेण्याची सवय आधी सोडावी. तंबाखू, विडी, गुटखा यांनी रक्तवाहिन्या आवळतात. बायकांच्या मिश्रीतही तंबाखूच असते, हे विसरू नये. दारूने रक्तदाब वाढतो. कोसलराज प्रसेनजित अति खाण्याने धापा टाकीत बुद्धांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मापात खाण्याचा उपदेश केला. राजाने जेवण हळूहळू कमी केले आणि त्याचे शरीर हलके झाले, असे संयुत्त निकाय सांगतो.

गोळी चालू असेल तर व्यायाम सुरू केला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये. दाब उतरला तर डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. ज्यांचा दाब १८०/११० च्या आसपास किंवा वर आहे, ज्यांना चालताना छातीत दाबल्यासारखे होते किंवा ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

व्यायाम करताना किंवा एरवीही छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटले, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, थंड घाम फुटला, दम कोंडला, तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नये. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी कधी छातीत न दुखता नुसताच दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. लगेच १०८ ला फोन करावा. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांचा समावेश आहे. ही योजना २०१२ साली 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड कपाटात एका जागी ठेवा. ऐन वेळी शोधाशोध नको.

प्रत्येक वस्तीने करण्यासारखे काम

तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. गावातील आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजतात. कोणाकडे जायचे हे आशाताईंना विचारावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा.

विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, एक रक्तदाबयंत्र आणि एक वही घेऊन बसावे. वस्तीतली शिकलेली एखादी नर्स किंवा वैद्यकीय विद्यार्थी आनंदाने मदत करील. वहीत नाव, तारीख आणि आकडा लिहावा. दाब जास्त निघालेल्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कोणी तरी एकाने घ्यावी. अर्धापूरजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेला हजारो उपासक-उपासिका जमतात. उदगीरला ४ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झालेले विश्वशांती बुद्धविहार आहे. अशा ठिकाणी पुस्तकांच्या दुकानाशेजारी रक्तदाब तपासणीचे एक टेबल असेल, तर किती तरी मुके आजार बोलू लागतील.

आणि वंदना संपल्यावर सर्वांनी मिळून वस्तीला एक फेरी मारावी. म्हाताऱ्यांनी पुढे, पोरांनी मागे. म्हाताऱ्यांच्या वेगाने सुरुवात झाली तरी चालेल. पुढच्या महिन्यात तो आपोआप वाढेल.